खिडकीबाईंचा अकराचा फोन

सकाळी अकराला पंपहाउसातला फोन वाजला, की तिथला माणूस 'हॅलो' म्हणायच्या आधी फोनची वायर ताणून खिडकीशी जायचा. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"खिडकीतून काय दिसतंय?"

त्यावरून बाईंचं नावच पडलं, खिडकीबाई. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण पाणीखात्याच्या चौदाही पंपहाउसांत त्यांना दुसऱ्या नावानं ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. एकदा एका नवख्यानं फोन उचलला, आतल्या माणसाला हाळी दिली, "अहो, खिडकीबाईंचा फोन आहे," आणि मग जीभ चावली. बाई शांतपणे म्हणाल्या, "हो, त्याच बोलतायत. आता खिडकीशी जा."

बाई खात्यात लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये तेव्हा एक टेबल, तीन फोन आणि एक जाडजूड रजिस्टर एवढाच संसार. दर तासाला पंपहाउसांवरून फोन यायचे, टाकीत पाणी किती, पंप किती चालू, आणि बाई ते लिहून घ्यायच्या. वर्षा-दोन वर्षांत त्यांचा कान असा काही तयार झाला, की बोलणाऱ्याच्या मागची घरघर ऐकूनच त्या म्हणायच्या, "दोन नंबरचा पंप आज कण्हतोय. बेअरिंग बघा." माणूस कुरकुरत जायचा, हात लावायचा, तर बेअरिंग चटका बसण्याइतकं तापलेलं. मग तोच माणूस चार जणांना सांगत सुटायचा, की बाईला फोनमधून ताप कळतो.

पुढे संगणक आले आणि रजिस्टर कपाटात गेलं. पाण्याची पातळी आपली आपण मोजणारी यंत्रं टाक्यांवर बसली आणि ती केबलींतून, रेडिओंतून कंट्रोल रूमशी बोलू लागली. आता ही यंत्रं बोलतायत की मुकी झालीत, हे बघायला आणखी एक सॉफ्टवेअर लागतं. त्याला पाण्याशी काही देणंघेणं नसतं. कोणती केबल जिवंत आहे, कोणता रेडिओ मेला, निरोप कोणत्या वाटेनं चाललेत, एवढंच ते रात्रंदिवस बघतं आणि भिंतीएवढ्या पडद्यावर ठिपके दाखवतं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कुरबूर, लाल म्हणजे संपर्क तुटला. हे सॉफ्टवेअर बाईंच्या ताब्यात आलं. कुठून कुठं केबल गेलीय, कोणत्या रस्त्यानं, किती लांबीची, ही सगळी नोंद त्यांच्या हातची.

पहिल्याच वर्षी त्या ठिपक्यांनी त्यांना इंगा दाखवला. नदीकाठच्या एका पंपहाउसाचा ठिपका सकाळपासून हिरवागार होता, आणि दुपारी तिथला माणूस कुठल्याशा दुकानातून फोन करून सांगतो, की मी चार तास छपरावर बसून होतो, नदी आत शिरलीय, पंप पाण्याखाली आहेत. छपरावरचा रेडिओ बॅटरीवर ठणठणीत होता म्हणून ठिपका हिरवा. खालची यंत्रं बुडाली ती शेवटचा आकडा दाखवतच बुडाली. रेडिओला कोणी विचारलंच नव्हतं, की बाबा रे, तुझ्या पायाखाली काय चाललंय?

दुसऱ्या दिवशी अकराला बाईंनी पहिला फोन केला. तेव्हापासून रोज एका पंपहाउसाला. ठिपका कोणत्याही रंगाचा असो, फोन चुकत नसे. बरं, उत्तरंही काही मोठी नसत. नदी दिसतेय, कुत्रं झोपलंय, पोस्टमन सायकल ढकलत चाललाय. पण एकदा सहा नंबरचा माणूस म्हणाला, "बाई, भिंत दिसतेय."

"भिंत? परवापर्यंत झाडं दिसत होती ना?"

"शेजारी इमारत उठतेय हो. दोन मजले झाले."

बाईंनी हिशेब केला, की चौथा मजला चढला की ही इमारत आपल्या रेडिओच्या तोंडावर येणार. चौथा मजला चढला खरा, पण तोवर खात्याचा खांब पंधरा फूट उंच झाला होता. सहा नंबरचा ठिपका एका मिनिटासाठीही पिवळा झाला नाही. असल्या कामाचं कौतुक कोण करणार? न झालेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

तर अशा बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना खात्यानं नवं सॉफ्टवेअर घेतलं.

ते बसवायला आलेला माणूस चाळिशीचा, कायम सर्दी झालेला, आणि कामात वाघ. त्यानं बाईंच्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतल्या आणि पडद्यावर शहर उभं केलं. रस्ते, नदी, टेकड्या आणि त्यांतून धावणाऱ्या रंगीत रेषा. बाई बघतच राहिल्या.

"हे सगळं तुमचंच आहे," सॉफ्टवेअरवाला नाक पुसत म्हणाला. "मी नुसता रंग दिलाय. इतक्या नीट नोंदी मी कुठल्या खात्यात बघितल्या नाहीत."

बाईंच्या गालावर लाली आली. अठ्ठावन्नच्या उंबरठ्यावर असं कोणी म्हटलं तर कोणाला येणार नाही?

खात्याच्या साहेबांचा बेत मोठा होता. साहेब माणूस सरळ, पण घाईचा. पंपहाउसांतली माणसं हळूहळू काढून घ्यायची, कुलपं लावायची आणि सगळं कंट्रोल रूममधून चालवायचं, असं ठरलं होतं. सुरुवात चौदा नंबरपासून. चौदा नंबर नदीपलीकडे, टेकडीच्या कुशीत. तिथला पंप वरच्या टाकीत पाणी चढवतो, आणि त्या टाकीवर शहरातलं मोठं हॉस्पिटल चालतं. टाकीत पाणी सहा तासांपुरतं. कंट्रोल रूमशी संपर्क तुटला, की टाकी ओसंडू नये म्हणून पंप आपला आपण बंद होतो. मग तो हातानं चालू करायला तिथं माणूस पाहिजे. माणूस काढायचा असेल, तर संपर्क तुटताच कामा नये. म्हणून नियम असा, की दोन वेगळ्या वाटांनी दोन केबली हव्यात. एक तुटली तर दुसरी आहे.

पडद्यावर त्या दोन्ही झळकत होत्या. निळी रेष पुलावरून, चार किलोमीटर. नारिंगी रेष उत्तरेच्या रस्त्यानं, वरच्या बंधाऱ्यावरून नदी ओलांडून टेकडीला वळसा घालून, अकरा किलोमीटर. सोमवारी चाचणी झाली. सॉफ्टवेअरवाल्यानं निळ्या केबलीचा प्लग उपसला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नारिंगीनं काम उचललं. ठिपका हिरवा तो हिरवाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, आता तुमची सही," साहेब म्हणाले. "दोन स्वतंत्र वाटा आहेत एवढंच लिहायचंय. नोंदी तुमच्या, म्हणून सही तुमची. बुधवारी करा. गुरुवारी कार्यक्रम ठेवलाय, आणि नव्या सॉफ्टवेअरचं बटण तुम्हीच दाबायचं. फोटोवाला सांगितलाय."

"आणि अकराचा फोन?"

साहेब हसले. "कुलपाला फोन करणार आहात का?"

मंगळवारी फोनची पाळी नेमकी चौदा नंबरची. तिथं गेली एकोणीस वर्षं पूलकाका होते. त्यांच्या खिडकीतून पूल दिसतो, म्हणून पूलकाका. वयानं बाईंपेक्षा थोडे मोठे, बोलायला अघळपघळ.

"काका, खिडकीतून काय दिसतंय?"

"नदी दिसतेय. पूल दिसतोय. आणि दोन दिवसांनी माझी रवानगी दिसतेय."

"तुम्हाला इकडे कंट्रोल रूममध्ये घेतायत. पंखा आहे, चहा आहे."

"नदी आहे का?"

बाई हसल्या. समोर पडद्यावर नारिंगी रेष टेकडीला वळसा घालून चौदा नंबरात शिरत होती. त्यांना सहज वाटलं, इतकी सुंदर रेष, प्रत्यक्षात कशी आत येते ते विचारावं.

"काका, उत्तरेकडची केबल तुमच्या आवारात कुठून शिरते हो?"

"उत्तरेकडून?" काका थबकले. "उत्तरेला काटेरी झुडपं आहेत नुसती. केबली दोन्ही पुलावरूनच येतात की. पाण्याच्या पाइपाला बिलगून, नवराबायको फिरायला निघाल्यागत."

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "दोन्ही? नीट बघा."

"बघतोय की. एक जुनी काळी, एक तिच्याहून जरा बारीक. पाचसहा वर्षं झाली असतील."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारता काय दिसतंय. केबली तिथं असायच्याच, त्यात काय सांगायचं? मी आपली नदी सांगत आलो."

बाईंनी फोन ठेवला आणि ती नोंद उघडली. नारिंगी केबल, उत्तर रस्ता, लांबी अकरा किलोमीटर, पाहणी पूर्ण. सहा वर्षांपूर्वीची तारीख. नोंद करणाऱ्याच्या रकान्यात त्यांचंच लॉगिन.

तारीख बघितली मात्र, सगळं लख्ख आठवलं. लेकीच्या लग्नासाठी दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस रजा होती. टेबल आवरायला घेतलं होतं. ठेकेदाराचा फोन आला होता, "बाई, उत्तरेच्या रस्त्याची परवानगी अडकलीय. तात्पुरती पुलावरून ओढतो. सोमवारी हलवतो. तुम्ही नोंद आराखड्याप्रमाणे घालून टाका, पुन्हा उघडायला नको." आणि बाईंनी घालून टाकली. शहरभर 'खरं का' विचारत फिरणाऱ्या बाईनं त्या एका दिवशी, त्या एका केबलीला विचारलं नाही. रजेवरून आल्या तेव्हा लेकीची खोली रिकामी होती आणि डोक्यात तेवढंच. तो सोमवार सहा वर्षं उगवलाच नाही.

म्हणजे एखादा ट्रक पुलाच्या कठड्याला धडकला, की निळी आणि नारिंगी एकाच झटक्यात खलास. पंप बंद, पंपहाउसाला कुलूप आणि वर हॉस्पिटल.

त्या दुपारी बाई त्याच हॉस्पिटलात होत्या. त्यांच्या थोरल्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं, आठवड्यातून तीनदा तिथं डायलिसिस चालायचं. वन्सं एकट्याच, बाईंच्या घरातच राहायच्या, आणि त्यांची जीभ अजून विशीतली होती. दोघींचं तीस वर्षं पटत नव्हतं आणि एकमेकींवाचून चालतही नव्हतं.

"तोंड का पडलंय?" मशीनच्या नळ्यांतून रक्त फिरत असताना वन्संनी विचारलं. "आजारी मी आहे. मान मिळू दे ना मला."

बाईंनी सांगितलं. सगळं.

वन्संनी लगेच विचारलं, "ती केबल हलवता येईल?"

"येईल. महिना-दीड महिना लागेल."

"मग उद्या सही कर, आणि त्या ठेकेदाराचा कान धरून गुपचूप हलवून घे. सहा वर्षं पूल पडला नाही, महिन्यात पडतोय? तुझा फोटो येईल, माझ्या भावाची मान उंच होईल."

बाईंच्या मनात सकाळपासून नेमकं हेच घोळत होतं, शब्दसुद्धा हेच. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते त्यांना कसंतरीच वाटलं.

"या मशीनला पाणी किती लागतं ठाऊक आहे, वन्सं?"

"ठाऊक आहे. नर्स सांगते. एका वेळेला शंभरावर लिटर. माझ्यापेक्षा चैन त्याची, मला दिवसाला चार पेले मोजून." वन्संनी मान वळवली. "अगं, मी चहात चमचाभर साखर ढकलली तर तू कपाकडे न बघता विचारतेस, खरं का? चोरी पकडली गेली की मी कबूल करते का नाही? थोडी भांडते, पण करते. तुझा चमचा जरा मोठा आहे, एवढंच."

"माझं हसं होईल."

"होईल. मीच आधी हसेन. त्यात काय."

बुधवारी बाई साडेआठलाच कंट्रोल रूममध्ये पोचल्या. सॉफ्टवेअरवाला येताच त्याला म्हणाल्या, "केबलीत उजेडाचा ठोका सोडून लांबी मोजायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे? नारिंगी मोजा."

"अकरा आहे की. तुमच्याच नोंदीत आहे."

"म्हणूनच मोजा."

त्यानं यंत्र जोडलं. उजेड गेला, परतला, आकडा उमटला. त्यानं रुमालानं काच पुसली, नाक पुसलं आणि पुन्हा मोजलं. चार किलोमीटर आणि थोडं. दोन्ही वेळा.

"बाई, हे सॉफ्टवेअरला कळायला हवं होतं."

"त्याला मी जे सांगितलं ते त्यानं मानलं. त्याचा काय दोष?"

साहेब दहाला आले. बाईंनी कागद सही न करताच त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. पूल, दोन केबली, लेकीचं लग्न, ठेकेदाराचा सोमवार. नोंद माझी, चूक माझी. ठेकेदारावर ढकलायची सोय होती, ती त्यांनी वापरली नाही. खोलीत आठ माणसं होती. कोणी खाली बघितलं, कोणी पडद्याकडे. एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी म्हटलं आणि दोघं हसले.

"उद्या पाहुणे येणार आहेत, बाई," साहेबांचा आवाज चढला. "आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"काल कळलं. कालच सांगायला हवं होतं. एक दिवस मी घाबरले, तोही माझाच दोष."

साहेबांनी कागद फायलीत सरकवला. "तुम्ही बोलला नसतात तर मी उद्या कुलूप लावलं असतं," ते म्हणाले. रागाचा सूर ओसरला होता, पण खात्याची रीत ती रीत. "लेखी खुलासा द्या. कार्यक्रम पुढे ढकला. चौदा नंबरचा माणूस हलवायचा नाही."

खुलासा एका ओळीचा होता. 'केबल न बघता बघितली असं लिहिलं.' असला आखूड खुलासा खात्याच्या फायलीत दुसरा नाही. इतर खुलासे दोन-दोन पानी असतात आणि त्यांत चूक सोडून सगळं असतं. महिनाभर चहाच्या टपरीवर बाईंची टिंगल झाली. "खिडकीबाईंनीच पडदा ओढला होता," असं कोणीतरी म्हणे आणि बाकीचे हसत. बाईंच्या कानावर ते आलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे.

त्या बुधवारी अकराला मात्र त्यांनी पूलकाकांना फोन केला होता. "काका, रवानगी लांबली."

"काय झालं?"

"तुम्ही नदी सोडून दुसरं काहीतरी सांगितलंत."

नारिंगी केबल हलवायला सहा आठवडे लागले. तेवढे सगळे दिवस बाई उत्तरेच्या रस्त्यावर मजुरांच्या मागं चालत होत्या, डोक्याला रुमाल, पायात मुलाचे जुने बूट, हातात अंतर मोजायचं चाक. घरी आल्या की वन्सं त्यांचे पाय बघून म्हणायच्या, "मशीनला सांगते तुझा नमस्कार." अकरा किलोमीटरपैकी एक मीटरही त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर सोडला नाही. चौदा नंबरच्या उत्तरेची झुडपं तोडून केबल आत शिरली, तेव्हा कुंपणाशी पूलकाका हात पुढे करून उभे होते.

मग त्यांनी नोंद दुरुस्त केली. बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात लोक 'सुधारणा' असं लिहून मोकळे होतात. बाईंनी लिहिलं, 'आधीची नोंद मी चुकीची केली होती.' सॉफ्टवेअरवाल्यानं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक केबलीच्या नोंदीत एक नवा रकाना दिसू लागला. 'डोळ्यांनी कोणी पाहिली? कधी?' शहरात चौसष्ट केबली. त्या रकान्यात फक्त एक नाव भरलेलं होतं, त्रेसष्ट रिकामे. बाईंनी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. निवृत्तीपर्यंत पंच्याण्णव आठवडे होते.

सही झाली, कार्यक्रम झाला, बटण साहेबांनीच दाबलं. चौदा नंबरला कुलूप लागलं. त्यानंतर हॉस्पिटलचं पाणी एकदाही तुटलं नाही.

पूलकाका कंट्रोल रूममध्ये आले. पहिले दोन दिवस ते पडद्याकडे पाहुण्यासारखे बघत बसले. तिसऱ्या दिवशी घड्याळात अकरा वाजले. बाईंचा हात फोनकडे गेला, पण त्या दिवशी पाळी चौदा नंबरची होती आणि तिथं उचलायला कोणी नव्हतं. त्यांनी खुर्ची वळवली.

"काका, काय दिसतंय?"

काका भिंतीकडे बघून म्हणाले, "सगळे हिरवे." मग जरा थांबले, उठले आणि कोपऱ्यातल्या खऱ्या खिडकीशी गेले. तिची काच इतकी धुळकट होती, की ती कधी कोणी उघडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यांनी बाहीनं एक हातभर जागा पुसली आणि बाहेर बघितलं.

"खाली गेटाशी कोणीतरी रस्ता खणतंय, बाई."

काका मागं वळेपर्यंत बाईंची खुर्ची रिकामी होती. जिन्यावरून बुटांचा आवाज खाली खाली चालला होता.